दत्ताभाऊंचा गुरुवार

दत्ताभाऊंविषयी मी बोलायला लागले की समोरचा माणूस आवाज खाली आणून विचारतो, "कधी गेले?" अहो, गेलेबिले काही नाहीत. त्यांच्या गावी, निघोज्यात आहेत, ठणठणीत आहेत. गेली ती त्यांची नोकरी, एकोणीस वर्षांची. ती जाऊ नये म्हणून एका माणसानं एका बैठकीत एक वाक्य बोलायचं होतं, आणि तो माणूस मी होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागले तर कोणी भुलू नये.

आमची कंपनी चाकणला आहे. गाड्यांचे बंपर बनवते, रंगवते, भट्टीत भाजते आणि ट्रकमध्ये घालून पाठवते. दुसरा प्लँट भोसरीला, आणि डिझाइनचं ऑफिस माण गावात एका काचेच्या इमारतीत. या तिन्ही ठिकाणचे रोबो, कॅमेरे आणि कॉम्प्युटर ज्या तारांमधून एकमेकांशी बोलतात, त्या सगळ्या तारा दत्ताभाऊंच्या ताब्यात होत्या. तारा जिथे एकत्र येतात त्या डब्याला स्विच म्हणतात. भिंतीवरचं दिव्याचं बटण नव्हे. अठ्ठेचाळीस भोकांचा चपटा डबा, प्रत्येक भोकात एक केबल, वर लुकलुकणारा हिरवा दिवा. माझी सासू अजून समजते की मी बटणं दुरुस्त करते. मीही आता सांगायचं सोडून दिलंय.

मी जालन्याची. डिप्लोमा झालेला, कंत्राटी म्हणून लागले आणि सहा वर्षं कंत्राटीच राहिले. पहिल्या दिवशी मला सर्व्हर रूममध्ये नेऊन सोडलं तर आत एक माणूस भर मे महिन्यात मरून रंगाचा स्वेटर घालून बसलेला. बायकोनं विणलेला, कोपरावर उसवलेला. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन आणि हा माणूस स्वेटरचं वरचं बटण लावतोय. मला हसू आलं.

"हसा," ते म्हणाले. "दुपारच्याला शिंका आल्या की तुमी बी आनाल."

मशिनांसाठी लावलेल्या एसीच्या गारठ्यानं आठवड्याभरात मीही शाल आणली.

ते मूळचे निघोज्याचेच. जमीन कंपन्यांसाठी गेली तेव्हा घरटी एकाला नोकरी असं ठरलं, भावाभावांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि यांची निघाली. शिक्षण आयटीआय, फिटर. पहिलं काम मिळालं ते चर खणून त्यात केबल टाकायचं. "ही केबल आमच्या ज्वारीतनं गेलीय," असं ते पार्किंगकडे बोट करून सांगायचे. सुरात दुःखबिःख काही नाही, पत्ता सांगितल्यासारखं. मग ठेकेदाराचा एक इंजिनिअर स्विचवर कमांडी टाइप करायला यायचा, त्याच्या मागे हे उभे राहायचे आणि तो टाइप करेल ते शाळेच्या वहीत उतरवून घ्यायचे, देवनागरीत. 'शो व्हीलॅन ब्रीफ.' 'नो शट.' एक दिवस इंजिनिअर सांगून न सवरता नोकरी सोडून गेला, दुपारी अर्धा प्लँट बंद पडला आणि दत्ताभाऊंनी वही उघडली. तेव्हापासून ते त्या खुर्चीवर. सर्टिफिकेट कसलंच नाही. ती वही मी पाहिली आहे, कव्हरावर पाढे आहेत.

दुसरी त्यांची खूण म्हणजे नेलपॉलिश. केबलांना चिकटवलेली लेबलं भट्टीच्या उष्णतेनं आठ दिवसांत गळून पडायची. मग यांनी मुलीच्या नेलपॉलिशच्या बाटल्या उचलल्या आणि केबलांची टोकं रंगवली. ऑफिसची गुलाबी, कॅमेऱ्यांची मोरपंखी, रोबोंची चंदेरी. मुलगी आठवडाभर बोलली नाही म्हणे. नंतर ते स्वतःच निगडीच्या दुकानात जाऊन शेड निवडून आणायला लागले. दुकानदारीण विचारायची, "कुणासाठी, भाऊ?" तर हे सांगायचे, "पेंट शॉपसाठी." लाल रंग मात्र एकाच केबलीला, ट्रंकला. म्हणजे जिच्यावरून सगळा माल जातो ती मोठी तार. लाल नखाला दत्ताभाऊंशिवाय कोणी हात लावायचा नाही.

मी पहिली मोठी चूक केली ती वजनकाट्याच्या स्विचवर. सगळं सेटिंग केलं, ट्रकचे आकडे ऑफिसात दिसायला लागले, मी खूश. तासाभरानं लाइट गेली, आली, आणि स्विच कोरा. गेटबाहेर अकरा ट्रक उभे आणि ड्रायव्हर माझ्या नावानं शंख करतायत. दत्ताभाऊ आले, एकच प्रश्न विचारला.

"लिवलं व्हतं का?"

स्विचला सांगितलेलं तो लगेच ऐकतो, पण ते त्याच्या तोंडीच असतं. सेव्ह केलं तरच कायमचं राहतं. मी सेव्ह केलं नव्हतं.

"मॅडम, तोंडी व्यवहार झाला म्हंजी जमीन आपली झाली का? सातबाऱ्यावर चढाय पायजे. तवर ती दुसऱ्याचीच." एवढं बोलून त्यांनी खुर्ची ओढली आणि पाऊण तासात सगळं परत घातलं. आमच्या प्लँट हेड साहेबांनी विचारलं तर "लाइट गेली व्हती" म्हणाले. ते खोटंही नव्हतं.

त्यांना शिकवता यायचं नाही असं त्यांचं स्वतःचं मत होतं. मला तसं वाटत नाही. एकदा परदेशातून एक ऑडिटर आला. गोरा, उंच, हातात यादी. त्याला खात्री करून घ्यायची होती की कॅमेऱ्यांच्या नेटवर्कमधून कोणी रोबोंपर्यंत पोचू शकत नाही. मी इंग्रजीतून सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात दत्ताभाऊ म्हणाले, "थांबा, मी सांगतो, तुमी फकस्त तिकडं वळवा. त्याला म्हनावं, घर एक हाय पन चुली येगळ्या हायती. डबा एकच, पन कॅमेऱ्याची चूल येगळी, रोबोची येगळी, ऑफिसची येगळी. एकीच्या चुलीवरची भाजी दुसरीला दिसत बी न्हाई."

या चुलींनाच आमच्यात व्हीलॅन म्हणतात. मी सांगितलं. ऑडिटर म्हणाला, आणि कधी एकीला दुसरीकडे जायची गरज पडली तर?

"मंग सासूला इचारून." त्यांनी रॅकमधल्या सगळ्यांत मोठ्या स्विचवर थाप मारली. "ही सासू. कोन कुनाकडं कवा जानार त्याची यादी हिच्या पदराला बांधलेली हाय. यादीत नाव न्हाई तर माघारी."

ऑडिटर हसला नाही. गंभीरपणे वहीत 'सासू' लिहून घेतलं, मला स्पेलिंग विचारलं. त्या वर्षी आमच्या विभागाला एकही शेरा आला नाही.

त्यांचं दुसरं वेड राउटिंगचं. तिन्ही ठिकाणांमध्ये डेटानं कुठल्या रस्त्यानं जायचं ते पूर्वी हातानं लिहून ठेवलेलं होतं. चाकणचा भोसरीला सरळ, बस्स. साहेबांचं म्हणणं, चाललंय ना, कशाला हात लावता? साहेब माणूस वाईट नाही, घाईचा आहे. दत्ताभाऊ महिनाभर त्यांच्या मागे लागले. "साहेब, लिवलेला रस्ता आंधळा आसतो. फुडं पूल पडला तरी त्यो तिकडंच नेतो." त्यांना हवं होतं ते असं, की तिन्ही ठिकाणच्या राउटरनी, म्हणजे रस्ता ठरवणाऱ्या डब्यांनी, एकमेकांना शेजारी मानायचं आणि दर दहा सेकंदांनी हाक मारायची, हाय का? चाळीस सेकंद हाक आली नाही तर तो रस्ता गेला असं धरून आपलं आपण दुसरीकडून वळायचं. शेवटी साहेब कंटाळून म्हणाले, करा काय ते.

पुढच्या महिन्यात रस्त्याच्या कामात जेसीबीनं चाकण-भोसरीची केबल तोडली. मला स्क्रीनवर लाल दिसलं. दत्ताभाऊंना फोन लावला तर मागून कात्रीचा आवाज. सलूनमध्ये होते.

"माणकडनं वळली का?"

मी बघितलं. सगळी वाहतूक माणमार्गे भोसरीला चालली होती. "वळली."

"मंग उरलेली दाढी करू द्या की, मॅडम. एक गाल ऱ्हायलाय."

दुसऱ्या दिवशी प्लँटमध्ये कुणाला पत्ता नव्हता की काही तुटलं होतं. दत्ताभाऊ दिवसभर खुशीत. मला दोनदा बडीशेप दिली. मी चिडले, म्हटलं, अहो, साहेबांना सांगा तरी, तुमच्यामुळं वाचलं. तर म्हणाले, "कुनाला कळलं न्हाई ना? मंग झालं की." मला तो स्वभाव पटायचा नाही. वरच्यांना त्यांची किंमत आधीच कळली असती तर पुढचं वेगळं घडलं असतं, असं मला वाटतं. तसं वाटून घेणं माझ्या सोयीचं आहे, हेही कळतं.

आता गुरुवार. आपल्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. गुरुवारी सकाळी प्लँट गप्प असतो, भट्ट्या गार असतात, कँटीनमध्ये मांजर फिरत असतं. नेटवर्कमध्ये कसलाही बदल करायचा तर तो गुरुवारी, हा दत्ताभाऊंचा नेम. लोक गुरुवारी दत्ताला जातात आणि दत्ता सर्व्हर रूमला, अशी आम्ही टवाळी करायचो. ते सात वाजता अंघोळ करून यायचे. रजिस्टरमध्ये आधी काय आहे ते लिहायचे, मग काय करणार ते. मग स्विचला पहिली कमांड द्यायची ती अशी, की दहा मिनिटांनी तू स्वतःहून बंद होऊन परत चालू हो. म्हणजे आपल्या हातून काही चुकलं आणि आपणच बाहेर फेकले गेलो, तरी दहा मिनिटांनी स्विच जुन्या, लिहिलेल्या सेटिंगवर परत येतो. याला ते परतीचं तिकीट म्हणायचे. सगळं नीट झालं की तिकीट रद्द, मग सेव्ह, मग रजिस्टरवर सही. नऊला घरी. मी सहा वर्षांत त्यांना इतर वारी स्विचमध्ये नवा बदल करताना पाहिलं नाही. एकदाच पाहिलं.

तो मंगळवार होता. दुपारी मोठ्या ग्राहक कंपनीचे लोक यायचे होते आणि साहेबांना त्यांना पेंट शॉपमधले नवे तपासणीचे कॅमेरे चालू दाखवायचे होते. कॅमेरे बसले होते, पण त्यांची नवी चूल अजून ट्रंकच्या यादीत घातलेली नव्हती. ते काम गुरुवारी ठरलेलं. अकराच्या सुमारास मी दोन चहा घेऊन दाराशी आले तर दत्ताभाऊंचा फोन टेबलावर स्पीकरवर होता आणि साहेबांचा आवाज येत होता. कप हातात धरून मी दारातच थांबले. सगळं ऐकलं. एकूण एक शब्द.

"साहेब, परवा गुरुवार हाय. परवा सकाळी सातला करतो, आठला तुमाला दाखवतो."

"परवा ते लोक येणार नाहीत, दत्ताभाऊ, आज येणार आहेत. दोन मिनिटांचं काम आहे. करून टाका."

"लाइन चालू हाय, साहेब."

"मी सांगतोय ना? माझ्या जबाबदारीवर करा."

दत्ताभाऊंनी कीबोर्ड पुढे ओढला. मग म्हणाले, "मंग परतीचं तिकीट टाकतो. काय झालंच तर दहा मिनिटांत स्विच रीस्टार्ट हुईल."

"रीस्टार्ट? चालू लाइनवर रीस्टार्टचं नाव काढू नका. सरळ करा. मी फोनवर आहे."

ट्रंकवर एक यादी असते, कुठल्या कुठल्या चुलीचा माल या तारेवरून जाऊ द्यायचा त्याची. यादीत नवी चूल घालायची तर कमांडमध्ये 'अ‍ॅड' हा शब्द लागतो. तो राहिला तर स्विच समजतो की जुनी यादी पुसा, आता फक्त ही एकच. तीन अक्षरं इंग्रजीतली. दत्ताभाऊंच्या वहीत त्या शब्दाखाली लाल पेनानं तीन रेघा आहेत. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला हे माहीत असतं आणि आमच्या धंद्यातला प्रत्येक जण आयुष्यात एकदा ते विसरतो. साहेब फोनवर "झालं का, झालं का" करत होते आणि दत्ताभाऊंनी एंटर मारलं.

स्क्रीन थिजली. त्यांनी चष्मा काढला.

"अ‍ॅड ऱ्हायला," ते म्हणाले. मला नाही, कुणालाच नाही.

पेंट शॉपचे रोबो, भट्टीचं नियंत्रण, सरकता पट्टा, सगळ्यांचं बोलणं त्या क्षणी तुटलं. ज्या रस्त्यानं आपण स्विचपर्यंत गेलो तोच रस्ता पुसला गेल्यामुळे इथून दुरुस्त करायची सोय नव्हती. दत्ताभाऊ किल्ली घेऊन पळाले. पेंट शॉप प्लँटच्या दुसऱ्या टोकाला; आत जायचं तर पांढरा झगा, टोपी, बुटांवर पिशव्या, मग हवेच्या झोतात उभं राहायचं, कारण धुळीचा कण आत गेला तर रंगावर फोड येतो. पन्नाशीचा माणूस घामेजून त्या झग्याची चेन ओढत होता आणि ती अडकत होती. आत जाऊन त्यांनी रॅक उघडला, स्विच बंद केला, चालू केला. चुकलेलं अजून सातबाऱ्यावर चढलं नव्हतं, त्यामुळं जुनं सगळं परत आलं. पंचवीस मिनिटं. पण तोवर भट्टीतले बंपर करपले होते आणि पट्टा मूळ जागी आणून लाइन पुन्हा उठवायला जेवणाची सुट्टी उलटून गेली. पाहुणे कॉन्फरन्स रूममध्ये काजू कतली खात बसले आणि चारला निघून गेले. कॅमेरे बघितलेच नाहीत.

संध्याकाळी दत्ताभाऊंनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'ट्रंकच्या यादीत अ‍ॅड शब्द माझ्याकडून राहिला. साहेबांच्या फोनवरून काम मंगळवारी केले.' खाली सही.

शुक्रवारी बैठक झाली. साहेब, एचआरच्या बाई, दत्ताभाऊ आणि मी. एवढ्या मोठ्या टेबलाशी चारच माणसं. बाईंनी विचारलं, चूक तुमची आहे हे मान्य आहे ना? दत्ताभाऊ म्हणाले, "व्हय. शब्द माज्याकडनं ऱ्हायला."

"पण चालू लाइनवर हे करायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"साहेबांनी."

साहेब पेनाशी खेळत होते. म्हणाले, "मी एवढंच म्हणालो की बघा, जमतंय का. कधी करायचं, कसं करायचं, हा तांत्रिक निर्णय त्यांचा."

"लेखी काही आहे?" बाईंनी विचारलं. रजिस्टर समोरच होतं, पण ते दत्ताभाऊंनीच लिहिलेलं.

"फोनवर झालं बोलनं. मॅडम व्हत्या तिथं."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. नाही, दोघांनी. दत्ताभाऊ टेबलाकडे बघत होते. माझं परमनंटचं पत्र त्या महिन्यात साहेबांच्या सहीसाठी गेलं होतं. साहेबांनी मला तसं सांगितलंही नव्हतं की गप्प बस. कुणीच काही सांगितलं नव्हतं. मला फक्त खरं बोलायचं होतं. 'साहेबांनी आजच करा म्हटलं, मी ऐकलं.' एवढंच.

मी म्हणाले, "मी चहा आणायला गेले होते. मला नीट ऐकू आलं नाही."

बाईंनी ते लिहून घेतलं. मला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. भूक लागली होती, हे मला नीट आठवतं, आणि आज कँटीनमध्ये काय असेल असा विचार आला होता. दत्ताभाऊ म्हणाले, "मंग ऱ्हाऊ द्या." आवाज नेहमीचाच होता. त्यांना राजीनामा द्यायला सांगण्यात आलं आणि त्यांनी दिला. सर्टिफिकेट नसलेला माणूस एवढ्या मोठ्या नेटवर्कवर होताच कसा, असा प्रश्न बाईंनी कागदावर लिहिला. एकोणीस वर्षांनी.

पुढचे तीन दिवस त्यांनी मला चार्ज दिला. हेच मला सगळ्यांत अवघड वाटतं सांगायला, आणि खरं तर तेव्हा काही अवघड गेलं नाही. ते सांगत होते, मी लिहून घेत होते. कुठला पासवर्ड कुठं, कुठल्या रॅकचं दार ढकलून मग ओढावं लागतं, पावसाळ्यात कुठल्या चरात पाणी भरतं. एकही गोष्ट त्यांनी राखून ठेवली नाही. मी वाट बघत होते की कधीतरी टोमणा येईल, शिवी येईल, "तुमी बी, मॅडम?" असं काहीतरी. आलं नाही. तिसऱ्या दिवशी नेलपॉलिशच्या बाटल्या एका डब्यात घालून माझ्या टेबलावर ठेवल्या, "लाल संपत आलीय, आनून ठेवा" म्हणाले, स्वेटर पिशवीत घातला आणि गेटपास जमा करून गेले. मी गेटपर्यंतही गेले नाही. वजनकाट्याचा फोन आला होता.

महिनाभरात मला पत्र मिळालं. खुर्चीही मिळाली. आता बरंचसं काम बाहेरची एक कंपनी लांबूनच करते. त्यांची मुलं सोमवारी करतात, शनिवारी करतात, कधीही करतात. लाइन थांबत नाही. खरं सांगायचं तर बरंच चाललंय. कोणी दत्ताभाऊंचं नाव काढलं तर मी त्यांच्या चुली आणि सासू सांगते, लोक हसतात, मीही हसते. एकदा घरी नवऱ्याला त्या बैठकीचं सांगितलं. तो म्हणाला, तू तरी काय करणार होतीस. बोलणार होते, म्हटलं.

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसातल्या एकाच्या मुलाचं बारसं होतं, निघोज्याच्या एका मंगल कार्यालयात. गाडी लावून आत शिरले तर बाजूच्या बोळात शिडीवर दत्ताभाऊ. भिंतीवर कॅमेरा बसवत होते. पुतण्यानं कॅमेऱ्यांचा धंदा काढलाय, त्याच्याबरोबर जातात असं कानावर आलं होतं. केस जास्त पांढरे झालेत. मला बघितलं आणि खाली उतरले.

"मॅडम! इकडं कुठं?"

"बारशाला आले."

"जेवलात का?"

"अजून नाही."

"जेवून जावा. बासुंदी चांगली केलीय." त्यांच्या हातात टेपचं भेंडोळं होतं, त्याचं टोक ते नखानं शोधत होते. मी तिथंच उभी राहिले. आतून पाळण्याची गाणी ऐकू येत होती. मी ठरवून काही आले नव्हते, पण बोलले.

"दत्ताभाऊ, त्या दिवशी मला सगळं ऐकू आलं होतं."

"म्हाईत हाय."

"माझं परमनंटचं पत्र होतं त्या महिन्यात."

"त्ये बी म्हाईत हाय." टेपचं टोक सापडलं. त्यांनी वायरीला दोन वेढे दिले, दातांनी टेप तोडली. "तुमाला नोकरी पायजे व्हती, मॅडम." मग दुसऱ्या वायरीला वेढे देताना, तशाच आवाजात म्हणाले, "मला बी पायजे व्हती."

ते परत शिडीवर चढले. "हलतीय, जरा धरा," म्हणाले, म्हणून मी शिडी धरली. दोन्ही हातांनी, घट्ट. त्यांच्या चपलांचे तळवे माझ्या डोळ्यांसमोर होते, झिजलेले. चार स्क्रू आवळले, कॅमेरा फाटकाकडे वळवला, खाली आले. शिडी मिटवून खांद्यावर घेतली.

"जेवून जावा," असं पुन्हा म्हणाले आणि बोळातून मागच्या दारानं गेले.

मी आत जाऊन जेवले. बासुंदी खरंच चांगली होती.